गुडघ्याची शीव

आमच्या कचेरीच्या कबड्डी संघाला मालिश करणारा माणूस हवा होता, आणि तो कचेरीतलाच हवा होता. आधी एक न्हावी येत असे, पण त्याने गोंदियाला दुकान टाकलं. शिवाय जबलपूरच्या विभागीय शिबिराचा नवा नियम आला होता: संघाबरोबर बाहेरचा माणूस चालणार नाही, जो येईल तो कर्मचारी असावा. मध्य प्रदेश होऊन पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. बालाघाटच्या कचेऱ्यांतली मराठी एव्हाना मोडीत निघाली होती. आमच्यासारखी चार-दोन घरं तेवढी अजून खुर्च्यांवर होती.

नियमाचा कागद वाचून दाखवणारा मीच, कारण क्रीडा समितीचा हिशेब माझ्याकडे होता. वाचून झालं तेव्हा बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, टेबलांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून ठेवली.

"ये मराठी बाबू सीख लेंगे. खेलते तो हैं नहीं. गिनती में पक्के हैं, हड्डियाँ गिन-गिन के दबाएँगे."

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना सायकलवर मात्र माझे कान तापले होते.

आमच्या घरात मालिश हे करायचं काम नव्हतं, करवून घ्यायचं होतं. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला एक बाई येई. वडलांची कंबर धरली की न्हावी येई. दोघंही परसदाराने येत, काम झालं की परसदारानेच जात. वडील कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा आता त्या दाराने येणाऱ्यांपैकी होणार होता, आणि तेही सरकारी आदेशाने.

वैनगंगेच्या घाटाजवळ एक आखाडा होता. तिथले उस्ताद पोलीस लाइनीतून निवृत्त झालेले, साठीपुढचे, मोठ्या पोटाचे. कुठल्या कुठल्या नामांकित पैलवानांच्या मांड्या आपण चोळल्या हे ते रोज सांगत, आणि रोज पैलवान बदलत. त्यांनी पहिला धडा दिला तो स्वतःच्या पायांवर. बाजेवर आडवे झाले, पाय माझ्या मांडीवर टाकले आणि म्हणाले, "इल्म पाँव से चढ़ता है, बाबू. तलवे से शुरू कर."

तळवे, टाच, घोटा, पोटरी, मग गुडघा, मग मांडी. हात नेहमी खालून वर जायचा. दाब वर जाताना, येताना नुसता हात फिरवायचा. मी मनात आकडे मोजत असे, म्हणजे डाव्या पायाला जितकं तितकंच उजव्या पायाला व्हावं. माझे ओठ हलत असावेत.

"गिन मत," उस्ताद डोळे न उघडता म्हणत. "दबा."

पहिला महिनाभर मी त्यांचेच पाय चोळले. इल्म, म्हणजे विद्या, खरोखर पायातून चढते की उस्तादांना फुकटात पाय दाबून हवे होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मधेच ते घोरत. मी थांबलो की जागे होत.

एका सकाळी आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस घाटावर आंघोळीला चालले होते. मी जमिनीवर, उस्ताद बाजेवर, त्यांची टाच माझ्या छातीशी. चिटणीस क्षणभर उभे राहिले. मग भल्या माणसासारखं म्हणाले, "गुरुसेवा चालली वाटते?"

"हौ," मी म्हणालो.

ते गेल्यावर मला वाटलं, त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मला लपायला जागा करून दिली होती आणि मी तिथे लपलो होतो.

आखाड्यात गुल्लीचं तेल वापरत, म्हणजे मोहाच्या बियांचं. स्वस्त आणि अंगात चांगलं मुरणारं, पण त्याचा वास हाताला धरला की धरलाच. बायको म्हणे, "राखेनं घासा." राखेने घासलं. "रिठ्यानं घासा." रिठ्याने घासलं. तरी जेवताना पहिल्या घासाबरोबर तो वास यायचाच. जेवणानंतर वडलांना सुपारी कातरून द्यायची हे माझं लग्नाआधीपासूनचं काम होतं. आखाडा सुरू झाल्यावर काही दिवसांनी, मी अडकित्ता घ्यायला हात पुढे केला तर तो जागेवर नव्हता. वडलांच्या हातात होता. ते स्वतःच सुपारी कातरत होते, जाडी-बारीक, नीट जमत नव्हती तरी. त्या दिवसापासून अडकित्ता त्यांच्याच उशाशी राहिला.

हे सगळं मी सहन करून घेतलं असतं. खरी अडचण मामाची झाली.

मामा म्हणजे आईचा सर्वांत धाकटा भाऊ, माझ्याहून चारच वर्षांनी मोठा. आजी लवकर गेली, म्हणून तो आमच्याच घरी वाढला. एका गोधडीत आम्ही झोपलो, आणि नदीत मला पोहायला त्यानेच ढकललं. पण तो मामा होता आणि मी भाचा. नागपूरच्या पलीकडच्या लोकांना याचं नवल वाटेल, पण आमच्या भागात भाचा मामाच्या पाया पडत नाही. मामा भाच्याच्या पडतो. भाचा देवाच्या ठिकाणी. त्याचे पाय धुतात, आणि त्याने चुकून मामाच्या पायाला हात लावला तर पाप मामाला लागतं. मी जन्मलो तेव्हा चार वर्षांच्या मामाला पाळण्याजवळ नेऊन माझ्या पायांवर त्याचं डोकं टेकवलं होतं, असं आई सांगे. लहानपणी तो मला भांडणात बदडून काढी आणि लगेच वाकून पाया पडे, म्हणजे हिशेब चुकता.

मामा आमच्याच कचेरीत रोजंदारीवर चपराशी होता आणि संघातला सर्वांत चांगला चढाई करणारा होता. साहेबांनी शब्द दिला होता: विभागाच्या संघात जो निवडला जाईल त्याला रिकाम्या जागेवर कायम करीन. त्यासाठी जबलपूरहून प्रशिक्षक येऊन बालाघाटलाच एक सामना बघणार होते. मामाला हे याच वर्षी साधायला हवं होतं. सरकारी नोकरीत कायम व्हायची वयाची अट असते, आणि पुढच्या वर्षी तो ती ओलांडणार होता. घरी त्याची बायको आणि दोन मुली होत्या. आणि त्याच्या उजव्या मांडीची मागची शीर सारखी धरत होती.

संघाची मालिश मी सुरू केली त्या संध्याकाळी कचेरीमागच्या मैदानावर सगळे ओळीने पालथे पडले. मामाची पाळी आली तशी तो उठून उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मले नको."

"मांडी धरली ना तुझी?"

"धरू दे. बापू, तू मले नरकात धाडून राह्यला का? तुया हातून पाय दाबून घेऊ म्या?"

संघात एक जीपचा ड्रायव्हर होता, तो म्हणाला, "अरे मामा, भांजा तेल लगा रहा है, जहर नहीं."

"तू चूप बे. तुमच्यात नसन, आमच्यात हाय."

दोन आठवडे तो तसाच खेळला, लंगडत. शेवटी मी आईला सांगितलं. मामाला वाढवणारी तीच, तिच्या शब्दापुढे तो जात नसे. तिने त्याला चुलीपाशी बसवलं आणि बराच वेळ भाकरी थापत विचार केला.

"पाया पडतेत तव्हा हात कुठी लावतेत?" तिने विचारलं.

"पायाले," मामा म्हणाला.

"मांडीले लावते का कोणी?"

"नाही लावत."

"मंग? गुडघ्याखालचा तो पाय. गुडघ्याच्या वर पाप नाही. वरतं चोळून घे, खालतं त्याचा हात लागू देऊ नको."

मामाचा चेहरा उजळला. मलाही बरं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. वाटा बरोबर पडला होता. शीव कुठे आहे ते ठरलं की मला काम करता येतं.

मग रोजचा क्रम असा झाला. मामा येई, आधी वाकून माझ्या पाया पडे, मग पालथा होई. मी गुडघ्याच्या मागच्या वळीपासून वर मांडी चोळून देई. पोटरी ड्रायव्हर चोळे, त्याच्या मनाला येईल तशी, बिडी ओढत. पण एवढ्या मोठ्या माणसाने रोज मैदानात आपल्या मालिशवाल्याच्या पाया पडावं, हे इतरांना फुकटचा तमाशा होता. पहिल्याच दिवशी कोणीतरी हात जोडले: "बाबाजी, हमको भी आशीर्वाद!" आठवड्याच्या आत माझं नाव बाबाजी पडलं. ते मैदानावरून कचेरीत आलं. फाईल मागायला येणारा शिपाईसुद्धा "बाबाजी" म्हणू लागला, आणि बडेबाबू माझ्या टेबलाजवळून जाताना खोटं खोटं वाकत. मामाला मी एकदा म्हटलं, "घरी पडत जा पाया. इथे नको."

"काहून?"

"लोक हसतात."

"हसू दे," तो म्हणाला. "पाप मैदानावर होते, त घरी फेडू का?"

त्याला लाज नव्हती. त्याच्या वाट्याचीही मलाच होती.

उस्तादांना मी ही वाटणी सांगितली तेव्हा ते पहिल्यांदाच बाजेवर उठून बसले. "आधे पाँव की मालिश? अरे, नाली ऊपर से खोलेगा तो नीचे का कीचड़ कहाँ जाएगा?" मग पुन्हा आडवे झाले आणि एका पैलवानाची गोष्ट सांगू लागले. त्यांच्या गोष्टींतलं खरं किती हे मला कधी कळत नसे, म्हणून हेही मी त्यातच टाकलं. शिवाय मांडी सुधारत होती. मी शिंप्याची फीत आणली होती आणि सगळ्यांच्या मांड्या, पोटऱ्या मापत असे. मामाची उजवी मांडी सुकून डावीपेक्षा दीड इंच कमी झाली होती, ती अर्ध्या इंचावर आली. तो पुन्हा झेप घेऊ लागला. पोटरी मी मापली नव्हती. मापायला फीत तिथे लावावी लागली असती.

सामन्याच्या दिवशी मैदानाच्या एका बाजूला खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, जबलपूरचे प्रशिक्षक, दोन वकील, आणि निवृत्त नाझर म्हणून वडलांनाही बोलावलेलं. ते धुतलेलं धोतर आणि काळा कोट घालून आले होते. मामाला कायम करण्याची गोष्ट त्यांना माहीत होती. मी तेलाची बाटली घेऊन ज्या दोरीपाशी बसणार होतो ती त्यांच्या खुर्चीपासून दहा हातांवर होती, हे त्यांना माहीत नसावं. मला बघून त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

सामना पोलिसांशी होता. मामा त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. एका चढाईत त्याने दोघांना मारलं, दुसरीत कोपऱ्यातल्या दांडग्या हवालदाराला, आणि प्रशिक्षकांनी साहेबांकडे वळून मान हलवली. मी ते बघितलं. मामानेही बघितलं असावं, कारण तो माझ्याकडे पाहून हसला.

उत्तरार्धात तो परत एका चढाईवर गेला. परतताना मधली रेषा हातभर उरली असताना त्याची उजवी पोटरी आखडली. तो कोसळला, पण कोसळताना हात लांब करून रेषा शिवली. गुण मिळाला. पंचांनी शिटी वाजवली आणि दोरीपाशी ओरड झाली, "बाबाजी को भेजो!"

मी धावलो. तो पाठीवर पडला होता. पोटरीत गोळा आलेला, लिंबाएवढा, कातडीखाली हलताना दिसत होता. मी गुडघ्यांवर बसलो, हातावर तेल घेतलं आणि माझे हात मांडीवर गेले. मी ठरवलं नव्हतं. इतक्या दिवसांत हातांना तीच वाट माहीत झाली होती. गुडघ्यापाशी येत, थांबत आणि परत वर जात.

"अरे बाबाजी, दर्द नीचे है!" कोणीतरी ओरडलं. "पूजा ऊपर कर रहे हो!"

मैदान हसलं. ते हसू मागून खुर्च्यांच्या बाजूने आल्यासारखं मला वाटलं. मग मी हात खाली नेले. टाच धरली आणि बोटं त्याच्या अंगाकडे वळवायला लागलो. गोळा तसाच सुटतो.

"बापू, नको!" मामा म्हणाला. "सोड. हात जोडतो तुले, पायाले नको."

"थांब. हलू नको."

त्याने पाय ओढून घेतला. आखडलेला पाय, सगळ्या ताकदीने, माझ्या हातातून. माझा दुसरा अंगठा पोटरीवर होता आणि त्या अंगठ्याखाली काहीतरी सुटलं, ओलं कापड फाटावं तसं. मामा ओरडला नाही. त्याच्या तोंडाचा रंग गेला. तो कोपरावर उठला, पुढे वाकला, माझ्या कॅनव्हासच्या बुटावर हात ठेवला आणि तो हात कपाळाला लावला.

ज्यांना रीत माहीत होती ते गप्प झाले. ज्यांना नव्हती ते अजून हसत होते. त्याचा पाय गेला आहे हे मला अंगठ्याने सांगितलं होतं. पण त्या वेळी माझ्या मनात पाय नव्हता, नोकरी नव्हती. इतकंच होतं की वडील बघताहेत.

ड्रायव्हरने आणि एका पोलिसाने त्याला उचलून बाहेर आणलं. सायकलरिक्षा बोलावली. त्याला एका बाजूला बसवलं, पण पाय लोंबता ठेवता येईना. तेव्हा वडील खुर्चीवरून उठून आले. रिक्षात चढले, मामाच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आण इकडे."

मामाला कळेना.

"पाय आण इकडे."

"भाऊजी, नका हो... तुमी..."

"चूप बस."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी मामाचा तेलाने माखलेला पाय उचलून आपल्या मांडीवर, धुतलेल्या धोतरावर घेतला. बायकोच्या भावाचा पाय मांडीवर घेणारा माणूस आमच्यात मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दवाखान्यापर्यंत ते तसेच बसले, एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली. रिक्षात जागा नव्हती. मी मागून चालत होतो आणि रेल्वे फाटकाच्या चढावर रिक्षा ढकलत होतो. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मलाही त्यांनी बघू नये असंच वाटत होतं.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी उस्ताद घरी आले, प्लास्टरवर बोट वाजवून बघितलं, धानाच्या कोंड्याने शेकायला सांगितलं ते प्लास्टर निघाल्यावर, आणि चहा पिऊन गेले. नालीची गोष्ट त्यांनी काढली नाही. कधीच काढली नाही.

आईला आम्ही फक्त पाय मुरगळल्याचं सांगितलं होतं. पण घरात गोष्टी राहत नाहीत. काही दिवसांनी ती तांदूळ निवडत बसली होती. मी जवळून जाताना वर न बघता म्हणाली, "म्या घोट्यापर्यंत म्हटलं असतं त?"

मी उभा राहिलो. ती थांबली नाही, खडे बाजूला काढत राहिली.

संघ महिन्याभराने छोट्या लाइनीच्या गाडीने जबलपूरला गेला. मामा नव्हता. मी होतो, कारण माणूस कर्मचारी हवा होता आणि शिकलेला मीच होतो. शिबिरात सात-आठ जिल्ह्यांचे खेळाडू होते. तिथे मी रोज तळव्यापासून सुरुवात केली आणि गुडघ्यावर हात एकदाही अडला नाही. कोणाचा मामा नव्हतो, कोणाचा भाचा नव्हतो. शेवटच्या दिवशी प्रशिक्षक म्हणाले, "आपका हाथ अच्छा है. बालाघाट का वो रेडर नहीं आया?"

"नहीं आया," मी म्हणालो.

पुढे बरीच वर्षं मी संघाबरोबर जात राहिलो. मालिशची लाज हळूहळू कमी झाली. लोकांना दुसरं हसायला मिळालं, बाबाजी हे नाव मागे पडलं. वडील होते तोवर अडकित्ता त्यांच्याच उशाशी राहिला, आणि ते धोतर नेसून ते पुन्हा बाहेर गेले नाहीत. मामाचं वय निघून गेलं. कायम झाला असता तर आज कुठल्या पगारावर असता, हे मला तोंडी सांगता येईल. मी ते कधी मांडलं नाही. तो आता एका राइस मिलच्या फाटकावर बसतो, आत जाणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रक बघतो. मुलींची लग्नं झाली. आई गेल्यावरही भाऊबीजेला तो येतो, कारण ओवाळायला बहीण नसली तरी भाचा आहे.

आमच्या अंगणाच्या फाटकापासून दरवाज्यापर्यंत चालत येताना मी त्याला बघतो. उजवी पोटरी डावीपेक्षा दोन इंचांनी कमी आहे. फीत लागत नाही, धोतरातूनही दिसतं. त्याला वाकायला त्रास होतो, म्हणून अलीकडे मी ओसरीच्या वरच्या पायरीवर उभा राहतो आणि तो अंगणात, म्हणजे माझे पाय त्याच्या हाताशी येतात. तो तरी वाकतोच. मी हात पाठीमागे धरून उभा राहतो. मोकळे सोडले तर ते त्याच्या पोटरीकडे जातील अशी मला भीती वाटते, आणि तो पाय ओढून घेईल.

दोन्ही हात कपाळाला लावून झाले की त्याला सरळ होता येत नाही. तेव्हा तो माझा गुडघा धरतो आणि त्याच्या आधाराने उठतो.